यूपीएस घेण्याआधी अर्थिंग तपासा

घरच्या संगणकासाठी कोणता यूपीएस (वीज गेल्यावर काही मिनिटे बॅटरीवर संगणक चालवणारे उपकरण) घ्यावा, असे ओळखीची माणसे मला अनेकदा विचारतात, आणि माझे उत्तर त्यांना बहुधा आडवळणाचे वाटते. कारण यूपीएसविषयी बोलण्याआधी मी भिंतीवरच्या सॉकेटची चौकशी करते. त्या सॉकेटच्या तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची तार जोडलेली आहे का, आणि ती खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का, हे ठाऊक नसताना विकत घेतलेले कोणतेही संरक्षक उपकरण अर्धेच काम करते, असे माझे मत आहे. ते कशावर उभे आहे हे सांगायचे, तर आधी संगणकाला विजेपासून असलेले धोके वेगवेगळे करून पाहावे लागतील. वीज जाणे आणि विजेचा दाब (व्होल्टेज) उसळणे या दोन निराळ्या घटना आहेत, त्यांच्यामुळे होणारे नुकसान निराळे असते आणि त्यांवरचे उपायही निराळे असतात.

वीज गेल्यामुळे संगणकाचा एखादा सुटा भाग जळाला, असे सहसा घडत नाही. वीज जाते तेव्हा धोका असतो तो माहितीला: अर्धवट लिहिलेली फाइल, अर्ध्यावर राहिलेले अपडेट, क्वचित संपूर्ण डिस्क. भाग जळतात ते दाबाच्या उसळीमुळे, किंवा पुरवठ्याचा दाब बराच वेळ मर्यादेबाहेर राहिल्यामुळे.

टेबलावरच्या संगणकातील एसएमपीएस, म्हणजे त्याच्या भागांना वीज पुरवणारी पेटी, हा समजला जातो तितका नाजूक नसतो. तो भिंतीतून आलेल्या प्रत्यावर्ती (एसी) विजेचे आधी एकदिश (डीसी) विजेत रूपांतर करतो, ती एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साधारण 380 ते 400 व्होल्ट दाबाला साठवतो आणि मग तीतून मदरबोर्डला लागणारे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट तयार करतो. त्या कपॅसिटरमधील साठ्यावर पूर्ण भार असतानाही चांगला एसएमपीएस 16 ते 17 मिलिसेकंद तग धरतो, आणि भार कमी असेल तर त्याहून अधिक. 50 हर्ट्झच्या पुरवठ्याचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे खोलीतला दिवा क्षणभर लुकलुकतो पण संगणक बंद पडत नाही, याचा उलगडा होतो. शिवाय आजकालचे बहुतेक एसएमपीएस 100 ते 240 व्होल्ट इतक्या रुंद पट्ट्यात विनातक्रार चालतात; दाब कमी झाला की ते तेवढा विद्युतप्रवाह जास्त ओढून घेतात. म्हणूनच केवळ संगणकासाठी वेगळा स्टॅबिलायझर घेण्याची गरज मला वाटत नाही. एसएमपीएसच्या लेबलावर हा पट्टा छापलेला असतो, तो एकदा वाचून घ्यावा.

उसळी ही मात्र मिलिसेकंदांची नव्हे, मायक्रोसेकंदांची बाब आहे. संरक्षक उपकरणांच्या चाचणीत वापरली जाणारी प्रमाण लाट 8 मायक्रोसेकंदांत शिखर गाठते आणि 20 मायक्रोसेकंदांपर्यंत निम्म्यावर उतरते, यावरून तिचा वेग लक्षात यावा. फ्यूज किंवा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) या वेगापुढे निरुपयोगी ठरतात. मुळात ते जास्त प्रवाहाला प्रतिसाद देतात, दाबाला नव्हे, आणि तोही काही मिलिसेकंदांनी. रिलेवर (विजेने उघडमीट होणाऱ्या स्विचवर) चालणारा स्टॅबिलायझर तर आणखी संथ असतो. आकाशातली वीज थेट घरावर पडली तरच उसळी येते असेही नाही. ती जवळपास कोठेही कोसळली, तरी तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारांमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊ शकतो. वीजवाहिन्यांवरील मोठे स्विच उघडताना-मिटताना उसळ्या येतात, आणि लहान उसळ्या तर घरातल्या घरात रोज जन्माला येतात: पंपाची मोटर किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद होतो, तेव्हा त्याच्या वेटोळ्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा तारांवरच मोकळी होते.

या उसळ्या अडवण्यासाठी सर्ज प्रोटेक्टरमध्ये जो घटक असतो, तो म्हणजे झिंक ऑक्साइडची एक छोटी चकती, मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. नेहमीच्या दाबाला तिचा रोध प्रचंड असतो, त्यामुळे ती सर्किटमध्ये असून नसल्यासारखी असते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तिचा रोध एकाएकी कोसळतो आणि ती जादा प्रवाह स्वतःतून वाहू देते. धरणाचा सांडवा जसा पाणी अडवत नाही, तर वाढलेल्या पाण्याला दुसरी वाट देतो, तसेच हे काम आहे. 230 व्होल्टच्या पुरवठ्यासाठी सामान्यतः 275 व्होल्ट कार्यदाबाची चकती वापरतात आणि ती मोठ्या उसळीचे शिखर सुमारे 700 व्होल्टपर्यंत आणून ठेवते. हा आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही, कारण काही मायक्रोसेकंदांपुरते तेवढे सोसण्याची ताकद चांगल्या एसएमपीएसमध्ये असते.

अडचण अशी की ही चकती झिजते. प्रत्येक मोठी उसळी तिच्यातील कणांच्या सीमांवर थोडा कायमचा परिणाम करते, आणि एक दिवस ती निकामी होते किंवा तिच्याजवळचा थर्मल फ्यूज तिला सर्किटपासून तोडून टाकतो. त्यानंतरही सर्ज प्रोटेक्टरचा बोर्ड वीज देतच राहतो, फक्त संरक्षण उरलेले नसते. वेष्टनावर ज्यूलमध्ये दिलेला आकडा म्हणजे ढोबळमानाने या चकत्यांची एकूण पचनशक्ती, त्यामुळे तो जितका जास्त तितके उपकरणाचे आयुष्य जास्त. संरक्षण चालू असल्याचे दाखवणारा वेगळा दिवा ज्यावर आहे, असाच बोर्ड घ्यावा आणि तो दिवा विझला की बोर्ड बदलावा. बटणातला लाल दिवा हा तो दिवा नव्हे. वीज आहे, एवढेच तो सांगतो. संरक्षक म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांमध्ये तांब्याच्या पट्ट्या, एक बटण आणि एक दिवा यांपलीकडे काहीही नसते, याची खात्री तो उघडून पाहिल्यावरच होते.

आता अर्थिंगकडे येते. चांगल्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये तीन चकत्या असतात: एक फेज (दाब असलेली तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यामध्ये, दुसरी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये, तिसरी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये. आकाशातल्या विजेमुळे येणारी उसळी पुष्कळदा फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांवर एकाच वेळी चढते आणि जमिनीकडे जाण्याची वाट शोधते. अर्थची तारच नसेल तर तीनपैकी दोन चकत्यांचे दुसरे टोक अधांतरी राहते, आणि मग उसळी संगणकातून, त्याच्या नेटवर्क केबलमधून किंवा त्याला जोडलेल्या प्रिंटरमधून वाट काढते.

अर्थिंग नसल्याची एक खूण बहुतेकांनी अनुभवलेली असते, पण तिचा अर्थ लावलेला नसतो. संगणकाच्या लोखंडी कॅबिनेटला अनवाणी उभे राहून हात लावला की बोटांना बारीक झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात. त्यांतील एक फेजपासून आणि दुसरा न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेला असतो. अर्थची तार असेल तर त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. ती नसेल तर कॅबिनेट पुरवठ्याच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगत राहते आणि तो प्रवाह आपल्या बोटांतून जातो. प्रवाह फारच कमी असल्याने या झिणझिण्या स्वतःहून सहसा घातक नसतात, पण त्या नाहीशा होण्यासाठी लाकडी फळीवर पाय ठेवणे किंवा चप्पल घालणे हा उपाय नव्हे. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा आणि जमिनीतला इलेक्ट्रोड, त्याची जोडणी व तार दुरुस्त करून घ्यावी. काही ठिकाणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडून वेळ मारून नेतात. हे मात्र जिवावर बेतू शकते, कारण मागे कोठे न्यूट्रल तुटला तर संगणकाच्या कॅबिनेटवर थेट फेजचा दाब येतो.

न्यूट्रल तुटण्याचा विषय निघालाच आहे, तर त्याचे दुसरे रूपही सांगायला हवे, कारण एकाच दिवशी वस्तीतल्या अनेक घरांतील उपकरणे जळतात तेव्हा कारण बहुधा हेच असते. तीन फेजच्या वाहिनीवरून निरनिराळ्या घरांना एकेक फेज दिलेला असतो आणि न्यूट्रल सामाईक असतो. तो वाटेत तुटला की घरे एकमेकांशी मालिकेत जोडली जातात, आणि ज्या फेजवर भार कमी त्या घरांतील दाब 230 व्होल्टवरून चढत जाऊन 400 व्होल्टच्या जवळ पोहोचू शकतो. हा प्रकार मायक्रोसेकंदांचा नसून मिनिटांचा, कधी तासांचा असतो. इथे झिंक ऑक्साइडची चकती उपयोगाची नाही. ती सतत प्रवाह वाहत राहते, तापते आणि जळते. यावर उपाय आहे तो दाब मोजून पुरवठा तोडणाऱ्या रिलेचा. असे उपकरण घराच्या मुख्य बोर्डात बसवता येते, ते दाब ठरवलेल्या वरच्या मर्यादेपलीकडे किंवा खालच्या मर्यादेखाली गेला की क्षणार्धात वीज तोडते आणि दाब स्थिर झाल्यावर काही मिनिटांनीच पुन्हा जोडते. सर्ज प्रोटेक्टर आणि हे उपकरण एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, आणि माझ्या मते दोन्हींपैकी हेच अधिक दुर्लक्षित राहिले आहे.

ज्यांना घराची वायरिंग नव्याने करायची आहे, त्यांनी मुख्य बोर्डातच सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवून घ्यावे. त्याचे तीन प्रकार मानले जातात: टाइप 1 थेट पडणाऱ्या विजेसाठी इमारतीच्या प्रवेशापाशी, टाइप 2 वितरण बोर्डात आणि टाइप 3 उपकरणाजवळ. मुख्य बोर्डातले उपकरण उसळीचा मोठा भाग जमिनीत घालवते आणि टेबलापाशी असलेल्या बोर्डाला उरलेल्या भागाशीच झुंजावे लागते. बसवताना त्याच्या तारा शक्य तितक्या आखूड, एकूण अर्ध्या मीटरच्या आत ठेवाव्यात, असा आग्रह धरावा; कारण इतक्या वेगवान लाटेला तारेची लांबी हाच मोठा अडथळा असतो आणि लांब तारेवर निर्माण होणारा दाब उपकरणाच्या दाबात मिळून पुढे जातो.

विजेच्या तारेखेरीज संगणकात शिरणाऱ्या प्रत्येक धातूच्या तारेचा विचार करावा लागतो, आणि इथे बरेच जण चुकतात. टेलिफोनची जोडी, केबलची कोअ‍ॅक्सियल तार, गच्चीवरून आलेली नेटवर्क केबल, या सगळ्या उसळीच्या वाटा आहेत. राउटर जळाला, त्याच्यामागोमाग मदरबोर्डवरील नेटवर्क पोर्टही गेले, पण एसएमपीएस धडधाकट राहिला, असे दिसले तर उसळी विजेच्या बाजूने आलेली नव्हती असे समजावे. काचतंतूमधून वीज वाहत नसल्याने फायबरची जोडणी या बाबतीत निश्चितपणे सरस आहे, आणि राउटर ते संगणक हा टप्पा वाय-फायने जोडला की ती वाटही बंद होते. मेघगर्जनेच्या काळात मात्र सर्वांत खात्रीचा उपाय एकच: वादळ दूर असतानाच विजेची पिन आणि नेटवर्क केबल दोन्ही काढून ठेवणे. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण हजारो व्होल्टचा दाब बटणातले काही मिलिमीटरचे अंतर ओलांडू शकतो. वादळ डोक्यावर आल्यावर पिना काढायला जाऊ नये. त्या वेळी संगणकापेक्षा स्वतःचा जीव महत्त्वाचा आहे.

आता वीज जाण्याविषयी. फिरत्या हार्ड डिस्कच्या निर्मात्यांनी या प्रसंगाची फार सुंदर तजवीज केलेली आहे: पुरवठा तुटताच तबकड्यांच्या उरलेल्या फिरण्यातून मोटर जनरेटरप्रमाणे वीज निर्माण करते आणि त्या विजेवर वाचनशीर्ष सुरक्षित जागी नेऊन ठेवले जाते. त्यामुळे डिस्क यांत्रिक दृष्ट्या बहुधा वाचते. प्रश्न असतो तो अजून डिस्कवर न पोहोचलेल्या मजकुराचा. आपण फाइल जतन केली तरी ऑपरेटिंग सिस्टिम तो मजकूर काही काळ मेमरीत राखून ठेवते, आणि डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्येही (तात्पुरत्या साठ्यात) तो थांबतो. एनटीएफएस किंवा एक्स्ट4 सारख्या फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती) आधी नोंदवहीत बदल लिहितात, म्हणून वीज आल्यावर फोल्डरांची रचना सावरली जाते. पण सामान्य मांडणीत ही नोंदवही रचनेचे रक्षण करते, फाइलमधील प्रत्येक ओळीचे नव्हे. पेन ड्राइव्हवर वापरल्या जाणाऱ्या फॅट आणि एक्सफॅट या प्रकारांत तर अशी नोंदवहीच नसते.

एसएसडीमध्ये, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काही नसल्याने ती वीज जाण्याला अधिक दाद देत नसेल, असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्ज येथील संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 15 एसएसडींचा पुरवठा काम चालू असताना पुनःपुन्हा तोडून पाहिला, आणि त्यांपैकी 13 एसएसडींमध्ये कोणत्या ना कोणत्या प्रकारचा बिघाड आढळला. एसएसडीला कोणता मजकूर कोणत्या पेशीत आहे याचा नकाशा सतत अद्ययावत ठेवावा लागतो, आणि तो नकाशा अर्धवट लिहिला गेला तर जुना, आधीच सुरक्षित असलेला मजकूरही हरवू शकतो. सर्व्हरसाठीच्या एसएसडींवर अशा वेळी काम पुरे करण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर असतात. घरगुती एसएसडींवर ते सहसा नसतात. यूपीएसची खरी गरज इथे आहे.

यूपीएसकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. त्याचे काम आपल्याला पुढे काम करू देणे हे नसून, संगणक व्यवस्थित बंद करण्यापुरता वेळ देणे हे आहे. 600 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) छोटा यूपीएस बहुधा 360 वॅटच पेलू शकतो, कारण व्हीए आणि वॅट हे एकच नव्हेत. खरेदी करताना वॅटचा आकडा पाहावा. त्यातली 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 84 वॅट-तास देते. 150 वॅट भारावर ती अर्ध्या तासाहून अधिक चालेल असे गणित सांगते, पण 7 अँपिअर-तास ही क्षमता 20 तासांत सावकाश रिकामी केल्यावर मिळणारी असते. इतक्या वेगाने ओढल्यावर नव्या बॅटरीकडूनही दहा-पंधरा मिनिटेच मिळतात, आणि जुन्या बॅटरीकडून त्याहून कमी. साधारण तीन ते पाच वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. 25 अंश सेल्सियसच्या वर दर 10 अंशांना तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, म्हणून यूपीएस बंद कपाटात किंवा उन्हाच्या झोतात ठेवू नये. मॉनिटर आणि राउटर त्याला जोडावेत, लेझर प्रिंटर कदापि जोडू नये, कारण त्यातला तापक एका झटक्यात यूपीएसच्या क्षमतेपलीकडे वीज ओढतो.

यूपीएसच्या ऑफलाइन (वीज असताना ती जवळजवळ तशीच पुढे देणारा) आणि लाइन-इंटरॅक्टिव्ह या घरगुती प्रकारांत वीज गेल्यावर बॅटरीकडे वळायला 4 ते 10 मिलिसेकंद लागतात, आणि एसएमपीएस तेवढा वेळ आरामात काढतो. सतत बॅटरीच्या बाजूनेच वीज देणारा ऑनलाइन प्रकार उत्तम असला, तरी तो महाग, गरम आणि पंख्याचा आवाज करणारा असतो. घरी त्याची गरज क्वचितच पडते. पुरवठ्याचा दाब दिवसभर वरखाली होत असेल तर लाइन-इंटरॅक्टिव्ह घ्यावा, कारण तो बॅटरीला हात न लावता दाब सावरतो. काही एसएमपीएस यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर रुसतात आणि वीज जाताच संगणक बंद होतो. असे घडत असेल तर शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस लागेल. घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूचे बटण यूपीएस मोडवर असल्याची खात्री करावी, कारण दुसऱ्या मोडमध्ये तो इतक्या उशिरा वळतो की पंख्याला फरक पडत नाही, पण संगणक पुन्हा सुरू होतो.

यूपीएससोबत आलेली यूएसबी केबल बहुतेक घरांत पिशवीतच पडून राहते. ती संगणकाला जोडली की विंडोज यूपीएसला लॅपटॉपच्या बॅटरीसारखे ओळखते, आणि चार्ज ठरावीक पातळीखाली गेला की संगणक आपोआप हायबरनेट करण्याची (चालू काम डिस्कवर जतन करून बंद करण्याची) सोय मिळते. लिनक्सवर नेटवर्क यूपीएस टूल्स हेच काम करते. आपण खोलीत नसताना वीज गेली, तर या केबलविना यूपीएसने फक्त अपघात दहा मिनिटे पुढे ढकललेला असतो. वर्षातून एकदा तरी सर्व फाइली बंद करून यूपीएसची परीक्षा घ्यावी, मात्र पिन उपटून नव्हे, तर सॉकेटचे बटण बंद करून. पिन काढली की अर्थही तुटतो.

यूपीएस नसेल आणि वीज गेली, तर संगणकाची पिन काढून ठेवावी. वीज परत येते तेव्हा परिसरातल्या सगळ्या मोटरी आणि कॉम्प्रेसर एकदम सुरू होतात, दाब खाली जातो, उसळतो, कधी वीज पुन्हा जाते; हा लपंडाव थांबेपर्यंत, म्हणजे पाच-दहा मिनिटे, संगणक जोडू नये. बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर काय करावे याची निवड असते, ती बंद राहण्यावर ठेवावी. लॅपटॉपवाल्यांना या सगळ्यातून बरीच सूट आहे, कारण त्यांची बॅटरी हाच यूपीएस असतो. उसळीचा धोका मात्र त्यांच्या चार्जरलाही तितकाच असतो.

एवढे सगळे केल्यावरही थेट पडलेल्या विजेपुढे कोणतेही घरगुती उपकरण टिकेल अशी हमी देता येत नाही. सामान्य वीजपाताचा प्रवाह 30 हजार अँपिअरच्या आसपास असतो. त्यामुळे महत्त्वाच्या माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावीच लागते. ती डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवणारे अनेक जण मी पाहते. यूएसबीच्या तारेतून उसळी तिच्यापर्यंतही जाते, आणि मूळ व प्रत दोन्ही एकाच क्षणी जातात. प्रत घेऊन झाली की डिस्क तारेसकट काढून दुसऱ्या खोलीत ठेवावी, आणि अधूनमधून तिच्यावरच्या दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.